जुनं स्टेडियम दुरुस्त करायचं की नव्या जागेत जायचं? उत्तर भाडेपट्ट्याच्या कागदात

बेळगाव : फुटबॉल क्लबचं स्टेडियम जुनं झालं, गॅलरीला तडे गेले, पावसाळ्यात मैदानात पाणी तुंबू लागलं की दोनच वाटा समोर येतात. आहे तेच दुरुस्त करायचं, नाहीतर नवी जागा बघायची. या वादात भावना जास्त आणि हिशेब कमी असतो. जुने खेळाडू म्हणतात, इथली माती सोडायची नाही. नवे पदाधिकारी म्हणतात, पार्किंग नाही, स्वच्छतागृह नाही, इथं काय राहिलंय? दोघांचंही खरं असतं. पण निर्णय या दोन्ही मुद्द्यांवर टिकत नाही.

मुंबई, गोवा, कोल्हापूर आणि युरोपातील क्लबांचे अनुभव पाहिले तर निर्णय तीन गोष्टींवर ठरतो. जमीन कोणाच्या नावावर आहे आणि किती वर्षांसाठी, काम चालू असताना संघ कुठे खेळणार, आणि प्रेक्षक नव्या जागी येणार कसे. बेळगावात, विशेषतः कॅम्पमध्ये, यातला पहिला प्रश्न सर्वात नाजूक आहे. इथली बहुतेक मैदाने शाळांची, लष्कराची किंवा कॅन्टोन्मेंट बोर्डाच्या अखत्यारीतील आहेत. क्लब तिथे वर्षानुवर्षे खेळतात, पण जागा त्यांची नसते.

एकाच शहरातले दोन निर्णय

इंग्लंडमधील लिव्हरपूल शहरात दोन मोठे क्लब आहेत, लिव्हरपूल आणि एव्हर्टन. त्यांची जुनी मैदाने एकमेकांपासून चालत जाण्याच्या अंतरावर. दोघांसमोर एकच प्रश्न होता आणि दोघांनी वेगळी उत्तरे शोधली.

लिव्हरपूलने जवळच्या स्टॅनली पार्कमध्ये नवे स्टेडियम बांधण्याचा बेत अनेक वर्षे चर्चेत ठेवला आणि २०१२ मध्ये तो सोडून दिला. त्याऐवजी अ‍ॅनफिल्ड हे जुने मैदानच टप्प्याटप्प्याने वाढवले. २०१६ मध्ये मुख्य गॅलरी मोठी झाली, त्यानंतर अ‍ॅनफिल्ड रोडच्या बाजूची गॅलरी वाढली. आज तिथली क्षमता सुमारे ६१ हजार आहे. पण हे फुकट झाले नाही. गॅलरी मागे सरकवायला जागा हवी होती आणि त्यासाठी आजूबाजूची घरे घ्यावी लागली. त्या गल्ल्यांतील रहिवाशांची नाराजी बरीच वर्षे चालली.

एव्हर्टनचे गुडिसन पार्क १८९२ पासूनचे. चारी बाजूंनी गल्ल्या, एका कोपऱ्याला चर्च. वाढायला जागाच नव्हती. शेवटी क्लबने गोदीच्या बाजूला सुमारे ५२ हजार ८०० क्षमतेचे नवे स्टेडियम बांधले आणि मे २०२५ मध्ये पुरुष संघाने गुडिसनवर शेवटचा सामना खेळला. जुने मैदान मात्र पाडले नाही, ते महिला संघाला दिले. जुनी जागा सोडली म्हणजे ती संपलीच पाहिजे असे नाही, हा यातला लक्षात ठेवण्यासारखा भाग.

पहिला प्रश्न : जमीन कोणाची?

इटलीतील मिलानचे सॅन सिरो स्टेडियम १९२६ चे. एसी मिलान आणि इंटर हे दोन्ही संघ तिथे खेळतात, पण मालकी मिलान नगरपालिकेची होती. २०१९ मध्ये दोन्ही क्लबांनी नव्या स्टेडियमचा आराखडा मांडला. त्यानंतर सहा वर्षे बैठका, विरोध आणि पर्यायी जागा यांतच गेली. त्यात एक कायदेशीर अडचण होती. स्टेडियमची दुसरी गॅलरी १९५५ ची. तिला ७० वर्षे पूर्ण झाली की वारसा म्हणून संरक्षण लागू होऊन पाडकाम अवघड झाले असते. म्हणून ती मुदत संपण्याआधी, २०२५ च्या अखेरीस, नगरपालिकेने स्टेडियम आणि भोवतालची जागा क्लबांना विकली. जगातले दोन श्रीमंत क्लब, पण जागा त्यांची नसल्याने निर्णय घ्यायलाच सहा वर्षे लागली.

लंडनच्या आर्सेनलचे उलट. २००६ मध्ये त्यांनी सुमारे ३८ हजार क्षमतेचे हायबरी सोडले आणि जवळच ६० हजारांचे नवे स्टेडियम बांधले. हायबरीची जागा क्लबची असल्यामुळे तिथे फ्लॅट बांधून विकता आले आणि त्यातून कर्जाचा काही भार हलका झाला. तरीही कर्जामुळे पुढची काही वर्षे खेळाडू खरेदीवर हात आखडता घ्यावा लागला. २००५ नंतर मोठा चषक जिंकायला थेट २०१४ साल उजाडले.

आपल्याकडे बघा. मुंबई सिटी एफसीने २०१४ मध्ये नवी मुंबईच्या डी. वाय. पाटील स्टेडियमवर सुरुवात केली. ते मोठे, पण मुळात क्रिकेटचे. २०१६ मध्ये संघ अंधेरीच्या शहाजीराजे भोसले क्रीडा संकुलातील छोट्या मैदानावर आला. ते महापालिकेचे. लीगसाठी ते चालले. पण २०२३-२४ मध्ये आशियाई चॅम्पियन्स लीग खेळायची वेळ आली तेव्हा ते मैदान आशियाई महासंघाच्या निकषांत बसले नाही. घरचे सामने पुण्याच्या बालेवाडीत न्यावे लागले आणि सौदीच्या अल हिलालविरुद्धचा सामना नवी मुंबईत झाला. देशातला एक आघाडीचा क्लब, पण स्वतःची जागा नसल्याने घरचा सामना कुठे खेळायचा हे दुसऱ्यांच्या सोयीवर ठरले.

दुसरा प्रश्न : काम चालू असताना खेळायचं कुठं?

याचे सर्वात जवळचे उदाहरण मुंबई एफसी. २००७ मध्ये स्थापन झालेला हा संघ आय-लीगमध्ये कुपरेज मैदानावर खेळायचा. दक्षिण मुंबईतले हे जुने मैदान, शहराच्या फुटबॉलचे घर. कुपरेजचे नूतनीकरण निघाले आणि २०१२-१३ व २०१३-१४ या हंगामांत मुंबई एफसीला घरचे सामने पुण्याच्या बालेवाडीत खेळावे लागले. म्हणजे घरच्या सामन्यासाठी मुंबईच्या प्रेक्षकाने दीडशे किलोमीटर प्रवास करायचा. २०१५ मध्ये संघ कृत्रिम गवताच्या कुपरेजवर परतला, पण तोवर दोन हंगाम प्रेक्षकाविना गेले होते. २०१६-१७ मध्ये संघ तळाला राहून खाली घसरला आणि त्यानंतर बंद पडला. बंद पडण्याची कारणे एकटी मैदानाची नव्हती. पण जो क्लब आधीच काठावर आहे त्याला दोन वर्षे घराबाहेर राहणे परवडत नाही, एवढे यातून समजते.

बार्सिलोनासारख्या क्लबलाही हे चुकले नाही. त्यांचे स्टेडियम कॅम्प नोऊ, कॅटलान भाषेत अर्थ ‘नवे मैदान’. १९५७ मध्ये बांधलेले हे ‘नवे मैदान’ जुने झाले म्हणून २०२३ मध्ये नूतनीकरणासाठी रिकामे केले. संघ शहरातल्याच टेकडीवरील ऑलिम्पिक स्टेडियमवर गेला. परत यायला नोव्हेंबर २०२५ उजाडले आणि तेव्हाही सगळ्या गॅलऱ्या तयार नव्हत्या. मोठे काम ठरलेल्या तारखेला संपेल असे धरून चालू नये.

गोव्याचे चित्र जरा बरे आहे. मडगावच्या फातोर्ड्याचे स्टेडियम १९८९ चे, त्याच वर्षी तिथे नेहरू चषक झाला. जानेवारी २०१४ च्या लुसोफोनिया स्पर्धेसाठी त्याचे मोठे नूतनीकरण झाले. त्यानंतर एफसी गोवाचे ते घर बनले आणि २०१७ च्या १७ वर्षांखालील विश्वचषकाचे सामनेही तिथे झाले. काम चालू असताना गोव्याच्या क्लबांची फार अडचण झाली नाही, कारण म्हापशाचे दुलेर आणि वास्कोचे टिळक मैदान ही पर्यायी मैदाने हाताशी होती. कोरोनाच्या काळात २०२०-२१ ची अख्खी इंडियन सुपर लीग गोव्यातील तीन स्टेडियमवर उरकता आली ती याच कारणाने. दुरुस्तीचा निर्णय सोपा होतो तो जवळ दुसरे मैदान असेल तर.

तिसरा प्रश्न : प्रेक्षक येणार कसे?

कोल्हापूरचे राजर्षी शाहू स्टेडियम हे याचे उत्तम उदाहरण. पाटाकडील, दिलबहार, खंडोबा, बालगोपाल, प्रॅक्टिस क्लब हे संघ तालमींचे आणि पेठांचे. स्टेडियम शहराच्या मध्यात, खासबागच्या जवळ. पेठेतली पोरं, म्हातारी माणसं चालत, सायकलवर सामन्याला जातात. तिथे उद्या कोणी म्हणाले की शहराबाहेर हायवेला चाळीस एकरांत मोठे स्टेडियम बांधू, तर बांधता येईल. पण पेठ तिथे चालत जाणार नाही. कोल्हापूरच्या फुटबॉलची ताकद खेळाडूंइतकीच त्या चालत येणाऱ्या गर्दीत आहे.

बालेवाडीचे उदाहरण उलट्या बाजूचे. १९९४ च्या राष्ट्रीय क्रीडा स्पर्धेसाठी उभारलेले हे संकुल सोयींनी भरलेले आहे. पण मैदानाभोवती धावपट्टी असल्याने प्रेक्षक खेळापासून लांब बसतो. लंडनच्या वेस्ट हॅम क्लबनेही २०१६ मध्ये गल्लीतले जुने अपटन पार्क सोडून ऑलिम्पिक स्टेडियम भाड्याने घेतले. खुर्च्या वाढल्या, पण मैदान लांब गेल्याची आणि पूर्वीचा आवाज हरवल्याची तक्रार चाहते आजही करतात.

बेळगावकरांना याचा अनुभव क्रिकेटमध्ये आहे. कणबर्गी ऑटोनगरचे केएससीएचे मैदान चांगले आहे, रणजीचे सामने तिथे होतात. पण कॅम्प किंवा टिळकवाडीतल्या शाळकरी पोराला तिथे जायचे तर कुणाची तरी गाडी लागते. सेंट पॉल्सच्या मैदानावर फादर एडी स्मृती आंतरशालेय स्पर्धेला किंवा टिळकवाडीतल्या लेले मैदानावर सामन्याला जाणारा प्रेक्षक शाळा सुटल्यावर दप्तरासकट येतो. मैदान लांब गेले की पहिला तुटतो तो हा प्रेक्षक, आणि उद्याचे खेळाडू त्याच्यातूनच येतात.

समजा, एक हिशेब मांडू

खालचे आकडे कोणत्याही क्लबचे नाहीत, फक्त समजण्यासाठी धरलेले आहेत.

समजा, एका क्लबच्या जुन्या मैदानाच्या दुरुस्तीला ३ कोटी लागतात. शहराबाहेर नवे मैदान करायला ५ कोटी. जुन्या जागी सामन्याला सरासरी १,५०० प्रेक्षक, तिकीट ३० रुपये, वर्षाला ४० सामने. म्हणजे वर्षाचे उत्पन्न १८ लाख. नव्या जागी प्रेक्षक निम्मे झाले तर दरवर्षी ९ लाखांची घट. दुरुस्तीच्या काळात एक हंगाम बाहेर खेळावे लागले तर १८ लाखांचे उत्पन्न बुडाले, वर ६ लाख भाडे-प्रवास, एकूण २४ लाख. शिवाय दुरुस्त केले तरी जुन्या बांधकामाला वर्षाला ५ लाख जादा देखभाल धरू.

आता मुख्य मुद्दा. हा खर्च किती वर्षांत वाटायचा?

जुन्या जागेचा भाडेपट्टा ३० वर्षे शिल्लक असेल तर ३ कोटी भागिले ३०, म्हणजे वर्षाला १० लाख. बाहेर खेळल्याचा भार वर्षाला ८० हजार, जादा देखभाल ५ लाख. एकूण वर्षाला १५ लाख ८० हजार.

नवी जागा ३० वर्षांसाठी धरली तर ५ कोटी भागिले ३०, म्हणजे सुमारे १६ लाख ६७ हजार. त्यात घटलेले ९ लाख मिळवा. एकूण सुमारे २५ लाख ६७ हजार. म्हणजे जुनीच जागा स्वस्त, जवळजवळ १० लाखांनी.

पण जुन्या जागेचा करार फक्त ६ वर्षे शिल्लक असेल तर? ३ कोटी भागिले ६, वर्षाला ५० लाख. बाहेर खेळल्याचे ४ लाख, देखभाल ५ लाख. एकूण ५९ लाख. तेच मैदान, तोच ठेकेदार, तेवढेच सिमेंट. फक्त कागदावरची वर्षे कमी झाली आणि दुरुस्ती नव्या जागेच्या दुपटीहून महाग पडली.

यात कर्जावरचे व्याज धरलेले नाही. ते धरले तर हे आकडे बदलतात. म्हणून आर्किटेक्टकडे जाण्याआधी भाडेपट्टा वाचायला हवा. पट्ट्याची मुदत, नूतनीकरणाची अट, बांधकामाची परवानगी कोण देणार, आणि मुदत संपल्यावर बांधलेले कोणाचे होणार, एवढी चार कलमे तरी.

जागा किती लागते?

नवी जागा घेऊ म्हणणे सोपे. आंतरराष्ट्रीय मापाचे फुटबॉल मैदान १०५ बाय ६८ मीटर. नुसते हेच ७,१४० चौरस मीटर, म्हणजे साधारण ७० गुंठे, पावणेदोन एकर. त्याच्या चारी बाजूंची मोकळी जागा, गॅलरी, खेळाडूंच्या खोल्या, पार्किंग, पाण्याचा निचरा हे धरले तर चार-पाच एकर सहज लागतात. बेळगावच्या आसपास एवढी सलग जमीन म्हणजे बहुधा शेतजमीन. ती एनए करून घ्यावी लागते, आणि हलगा-मच्छे बायपासवरून शेतकऱ्यांनी दिलेला लढा पाहता सुपीक जमिनीचा प्रश्न इथे किती तीव्र आहे हे वेगळे सांगायला नको.

कृत्रिम गवत हा मधला उपाय म्हणून पुढे येतो. बेळगावच्या पावसात ते उपयोगी आहे, कारण खाली निचऱ्याचे थर नीट असतील तर पाऊस थांबल्यावर लवकर खेळता येते. पण हे गवत कायमचे नसते. साधारण आठ-दहा वर्षांत बदलावे लागते आणि तो खर्च पुन्हा मोठा असतो. म्हणजे इथेही प्रश्न तोच : त्या आठ-दहा वर्षांनी जागा आपल्या ताब्यात असेल का?

कॅम्पमध्ये याचा अर्थ काय?

कॅम्पमधील जमीन मुळात संरक्षण खात्याची. कोणती जागा कोणत्या वर्गातली, कोणाच्या वापरात, कोणत्या अटीवर, याची नोंद जनरल लँड रजिस्टरमध्ये म्हणजे जीएलआरमध्ये असते. लष्कराच्या प्रत्यक्ष वापरातील जागा, मोकळी ठेवलेली जागा, जुन्या अनुदानावर खासगी व्यक्ती वा संस्थेला दिलेली जागा आणि बोर्डाकडे नागरी सोयींसाठी सोपवलेली जागा, हे सगळे वेगवेगळे प्रकार. दिसायला सगळी मैदाने सारखीच. पण कोणत्या मैदानावर गॅलरीचा एक खांब उभारता येईल आणि कोणत्यावर नाही, हे या नोंदीवर ठरते.

त्यात आता नवी भर पडली आहे. २०२३ मध्ये हिमाचलमधील योल छावणीपासून देशातील छावण्यांचा नागरी भाग वेगळा करून स्थानिक पालिकांना जोडण्याची प्रक्रिया सुरू झाली. बेळगाव कॅम्पबाबतही त्याची चर्चा आहे. केंद्राच्या २०२४ च्या सूचनांनुसार नागरी सोयींसाठी उभारलेल्या मालमत्ता राज्य सरकार किंवा पालिकेकडे मोफत द्यायच्या, मात्र जिथे लागू असेल तिथे जमिनीचा मालकी हक्क केंद्राकडेच राहणार. मग एखादे खेळाचे मैदान नागरी सोय मानले जाणार की केंद्राकडे ठेवायची मोकळी जागा? ज्या यादीत ते जाईल त्यावर पुढे परवानगी बोर्डाची, महापालिकेची की संरक्षण खात्याची हे ठरेल. मैदान वापरणाऱ्या क्लबांनी आणि शाळांनी ही यादी तयार होताना आपले म्हणणे लेखी द्यायला हवे. यादी झाल्यावर मोर्चे काढून फार काही हाती लागत नाही.

मग करायचं काय?

ज्या क्लबपुढे हा प्रश्न आहे त्याने पुढील क्रम पाळला तर पैसे आणि भांडणे दोन्ही वाचतील.

पहिले, जागेचा उतारा, प्रॉपर्टी कार्ड किंवा जीएलआरची नोंद काढावी आणि कराराची शिल्लक वर्षे मोजावीत. दहा वर्षांपेक्षा कमी असतील तर गॅलरीला हात लावण्याआधी मुदतवाढ मागावी. मुदतवाढ मिळेपर्यंत खर्च फक्त सुरक्षेचा : तडे गेलेला भाग बंद करणे, वायरिंग, बाहेर पडायचे दरवाजे, पिण्याचे पाणी.

दुसरे, गॅलरीची स्ट्रक्चरल तपासणी इंजिनिअरकडून करून घ्यावी. पाया आणि खांब चांगले असतील तर एकेका बाजूचे काम काढता येते आणि उरलेल्या बाजूंवर सामने चालू राहतात. लिव्हरपूलने असेच केले. पायाच गेला असेल तर रंगरंगोटीवर पैसे घालू नयेत.

तिसरे, पर्यायी मैदानाशी लेखी करार आधी करावा, मगच कुदळ मारावी. मुंबई एफसीची दीडशे किलोमीटरची वारी लक्षात ठेवावी.

चौथे, एक महिना सामन्याला येणारे प्रेक्षक मोजावेत आणि ते कसे आले हेही विचारावे. चालत, सायकलवर, दुचाकीवर की बसने. बहुतेक चालत येत असतील तर शहराबाहेर जाण्याचा प्रस्ताव बस फेऱ्यांच्या लेखी हमीशिवाय मान्य करू नये.

पाचवे, जावेच लागले तर जुने मैदान सरावासाठी, शाळांसाठी आणि मुलींच्या संघांसाठी राखून ठेवावे. एव्हर्टनने ते केले. शहरातले मैदान एकदा गेले की परत मिळत नाही.

हे पाच प्रश्न सोडवून झाल्यावर बहुतेक ठिकाणी दिसेल की जागा लांब मुदतीची असेल आणि पाया मजबूत असेल तर दुरुस्तीच फायद्याची. कागद कच्चा असेल तर मात्र जुन्या मैदानावर कितीही माया असली तरी तिथे कोटी घालणे म्हणजे भाड्याच्या घराला संगमरवर बसवणे. कॅम्पमधल्या क्लबांसाठी म्हणूनच या घडीचे पहिले काम वर्गणी गोळा करणे नसून रजिस्टरमधली नोंद तपासणे हे आहे.